ज्ञानेश्वरीची लांबी

संगणकावर आणि मोबाइलवर मराठी लिहिणे आता इतके अंगवळणी पडले आहे की त्यामागे काही कारागिरी असते याचे भान वापरणाऱ्याला तर सोडाच, पण ते सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या प्रोग्रामरलाही अनेकदा उरत नाही. ही कारागिरी नेमकी कुठे लागते हे पाहायला एकच शब्द पुरतो. ‘ज्ञानेश्वरी’ किती अक्षरांची, असे शाळकरी मुलाला विचारले तर ते ज्ञा, ने, श्व, री अशी ४ अक्षरे बोटांवर मोजून दाखवील. संगणकाच्या लेखी मात्र तिच्यात ११ चिन्हे असतात, कारण युनिकोड या जागतिक प्रमाणकाने मूळ व्यंजने, काना, मात्रा, वेलांटी आणि पाय मोडण्याची खूण म्हणजे हलन्त, यांतील प्रत्येकाला वेगळा क्रमांक दिला आहे. या क्रमांकाला संकेतांक म्हणता येईल. आज सर्वत्र रुळलेली यूटीएफ-८ ही साठवणुकीची पद्धत देवनागरीच्या एकेका संकेतांकासाठी ३ बाइट खर्च करते, त्यामुळे साठवताना हाच शब्द ३३ बाइटांचा होतो. या तिन्ही लांब्या आपापल्या जागी खऱ्या आहेत, आणि कोणत्या कामाला कोणती धरायची हे ओळखणे हाच मराठीसाठी सॉफ्टवेअर लिहिण्याचा गाभा आहे.

ही ओळख चुकली की चूक थेट शब्दाच्या अंगावर येते. एखाद्या रकान्याला ३२ बाइटांची मर्यादा असली तर शेवटच्या वेलांटीचा तिसरा बाइट कापला जातो, उरलेल्या दोहोंचा अर्थ यंत्राला लागत नाही, आणि ‘ज्ञानेश्वर’ एवढाच शब्द उरून त्यापुढे काळ्या चौकोनातले प्रश्नचिन्ह उमटते. मर्यादा ८ संकेतांकांची असली तर उरतो तो ‘ज्ञानेश्’, म्हणजे पाय मोडलेल्या श पाशी थांबलेला शब्द. मोबाइलवरच्या साध्या संदेशाचेही तसेच आहे: त्याला १४० बाइटांची जागा मिळते, तिच्यात इंग्रजीची १६० चिन्हे मावतात, पण देवनागरीचे एक चिन्ह जरी आले तरी सगळा संदेश ७० चिन्हांवर येतो.

याउलट जिथे विचारपूर्वक काम झाले आहे तिथे ते दिसतही नाही. बहुतेक ठिकाणी बाणाची कळ दाबली की कर्सर पूर्ण अक्षर ओलांडतो, पण बॅकस्पेस मात्र शेवटचा संकेतांक तेवढा पुसते, कारण लिहिणाऱ्याची चूक बहुधा शेवटच्या वेलांटीत किंवा उकारात असते आणि तेवढ्यासाठी त्याला सगळे जोडाक्षर पुन्हा लिहावे लागू नये, हा त्यामागचा हेतू आहे. माणसाला जे एक अक्षर वाटते ते कुठे संपते, हे ठरवणारे नियमही युनिकोडमध्ये आहेत. तरीही ‘क्ष’ सारखे जोडाक्षर त्या सर्वसाधारण नियमांनुसार हलन्तापाशी तुटत असे आणि त्याची दोन अक्षरे मोजली जात. २०२३ मध्ये आलेल्या १५.१ या आवृत्तीने हा नियम सुधारला. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे अशा कामाला किती चिकाटी लागते ते कळते.

मराठीचा सर्वांत नाजूक प्रश्न ‘र’ चा आहे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या दोन शब्दांत गुरू आणि स्वयंपाकी यांच्याएवढे अंतर आहे, आणि ते अंतर र डोक्यावर रफार होऊन बसतो की य ला आडवा चिकटतो, एवढ्यावरच अवलंबून आहे. हा आडवा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एक तर ऱ हे नुक्त्याचे अक्षर घेऊन त्याचा पाय मोडायचा, नाहीतर साध्या र चा पाय मोडून त्यापुढे शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे पण आकार बदलणारे एक चिन्ह, ठेवायचे. आता दूर कुठे तरी बसलेला प्रोग्रामर आलेल्या मजकुरातली अदृश्य चिन्हे कचरा समजून काढून टाकणारी एक ओळ लिहितो. इंग्रजीपुरती ती बहुधा निरुपद्रवी असते, मराठीत मात्र तो जोडक निघून जातो आणि आचारी मुकाट्याने आचार्य होतात. कुठलीही धोक्याची सूचना येत नाही, कारण यंत्राच्या दृष्टीने दोन्ही शब्द शुद्धच असतात.

‘ॲप’ या रोजच्या शब्दाची गतही अशीच आहे. ॲ ला स्वतंत्र संकेतांक २००८ मध्ये, युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत मिळाला. त्याआधी अ वर वेगळा चंद्र देऊन तो लिहिला जाई आणि अजूनही काही जण तसाच लिहितात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण युनिकोडच्या एकरूपीकरणाच्या नियमांत, म्हणजे समान चिन्हांना एका रूपात आणणाऱ्या नियमांत, या दोहोंचा मेळ घातलेला नाही. त्यामुळे एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला तर सापडत नाही, जोवर शोध लिहिणाऱ्याने ती सोय स्वतः केलेली नाही. ळ चे दुखणे त्याहून साधे आहे: मराठी मुळाक्षरांत तो ह नंतर येतो, संकेतांकांच्या क्रमात ल आणि व यांच्या मध्ये, म्हणून नुसत्या क्रमांकांवरून लावलेली मराठी यादी चुकीचीच लागते.

ही सगळी दुरुस्ती कुणी एकटा करीत नाही. संकेतांकांच्या रांगेतून फॉन्टमधले योग्य आकार निवडून ते जोडण्याचे काम क्रोम, फायरफॉक्स आणि अँड्रॉइड यांत हार्फबझ हे मुक्त सॉफ्टवेअर करते. त्याचा कोड कुणालाही वाचता येतो आणि त्यात सुधारणाही सुचवता येते. तिथे दुरुस्ती व्हायची तर मराठी जाणणाऱ्या कुणी तरी नेमकी संकेतांकांची रांग, फॉन्ट आणि आवृत्ती नोंदवून चूक कळवावी लागते. असे कळवणे हेही प्रोग्रामरच्या व्यवसायातले खरे काम आहे आणि त्याला कोड लिहिण्याइतकाच मान मिळायला हवा. २०१८ च्या फेब्रुवारीत एका तेलुगू जोडाक्षराने आयफोनवरची ॲप बंद पडू लागली आणि कंपनीला तातडीने सुधारित आवृत्ती काढावी लागली. ते जोडाक्षर होते तेलुगूतले ‘ज्ञा’, ज्याने ‘ज्ञानेश्वरी’ची सुरुवात होते. कोट्यवधी लोकांच्या लिपीतले इतके साधे अक्षर त्या विशिष्ट रचनेत कुणी आधी तपासून पाहिले नव्हते.

तेव्हा मराठी प्रोग्रामरांनी आपल्या चाचणीच्या नमुन्यांत ‘टेस्ट’ आणि ‘एबीसी’ यांच्या शेजारी ज्ञानेश्वरी, आचाऱ्यांना, ॲप आणि बाळ हे चार शब्द आजच घालावेत, आणि त्यांतला एखादा जिथे मोडेल तिथे ती चूक लिहून कळवावी.