कंधारचा जगत्तुंगसमुद्र

नांदेडास येणारे बहुतेक यात्रेकरू गुरुद्वाऱ्याचे दर्शन घेऊन परततात; सुमारे पन्नास किलोमीटरांवरील कंधारास वाट वाकडी करून जाणारा विरळाच. मन्याडकाठचा हा गाव आज तालुक्याचा आहे खरा. परंतु राष्ट्रकूटांच्या बिरुदावलीत 'लट्टलूरपुर' म्हणून जसे लातूर येते, तसेच 'कंधारपुर'ही येते.

येथील भुईकोट किल्ल्यास दुहेरी तट असून भोवती रुंद खंदक आहे. आत राष्ट्रकूटांमागून आलेल्या मुसलमानी राजवटींच्या इमारती दिसतात. गावात एका प्रचंड क्षेत्रपालमूर्तीचे भग्न अवशेष आहेत. त्यांतील नुसते पाऊल पाहूनच प्रवासी थबकतो. ज्याने क्षेत्र राखावयाचे, त्याचीच ही गत!

मग दिसतो तलाव. 'जगत्तुंगसमुद्र' हे त्याचे नाव येथील संस्कृत शिलालेखात आले आहे. 'जगत्तुंग' हे राष्ट्रकूट राजा तिसरा गोविंद याचे बिरुद होते. हजार वर्षांमागून राजे गेले, देव भंगला. तळे मात्र राहिले.

वाचकहो, ज्या लातूरचे स्वामी म्हणवून घेण्यात सम्राटांना भूषण वाटे, त्याच लातुरास २०१६ साली मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पूर्तकर्माची थोरवी आपल्या शास्त्रांनी का गाइली, हे कंधारच्या काठावर उभे राहिले म्हणजे निराळे समजावून सांगावे लागत नाही.