काचा तिच्याच राहू देत

प्लॅस्टिकच्या मॉडेलची खिडकी धुरकट झाली की ती काढायची आणि नवी बसवायची, या मताचा मी वर्षानुवर्षं होतो. विचारायला येणाऱ्यांनाही तेच सांगायचो. ओएचपी शीट किंवा शर्टाच्या खोक्याचं पारदर्शक झाकण घ्यायचं, पट्टी धरून ब्लेडने कापायचं, की लख्ख काच तयार. जुनं प्लॅस्टिक घासून चकाकवणं म्हणजे मॉडेलचं वय लपवणं, असंही मी मानत असे. आता माझं मत अगदी उलटं झालं आहे, आणि ते कसं झालं हे सांगावंसं वाटतं.

आम्हा दिवाळे गावच्या लोकांना धुरकट काच नवी नाही. खाडी इथून हाकेच्या अंतरावर. पावसाळ्यात हवा ओलीचिंब असते आणि सुपरग्लूची वाफ हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होते. मग जोडाजवळच्या पारदर्शक भागावर पांढरट थर बसतो. म्हणून खिडक्या मी पांढऱ्या फेव्हिकॉलने चिकटवतो. तो सावकाश वाळतो, पण वाळल्यावर दिसत नाही आणि काचेला त्रासही देत नाही.

१५ सप्टेंबर २०२३ रोजी बेस्टच्या जुन्या डिझेल डबलडेकर कायमच्या थांबल्या. मुंबईच्या रस्त्यांवर डबलडेकर आली ती १९३७ साली. गाड्या थांबल्यावर थोड्याच दिवसांनी आमच्या आळीतले एक काका घरातली लाल डबलडेकरची प्रतिकृती घेऊन आले. बेस्टमध्ये वाहक म्हणून त्यांची नोकरी झालेली. खिडक्यांवर ओरखड्यांचं जाळं होतं आणि पुढच्या काचेच्या कडेला तोच पांढरा थर. मी म्हटलं, "काका, नव्या काचा घालून देतो." ते म्हणाले, "नको. काचा तिच्याच राहू देत. निघेल तेवढी घाण काढ."

त्यांच्या शब्दाखातर मी ती काच हातात घेऊन नीट पाहिली. वरच्या मजल्याची पुढची काच आडवी वळते आणि उभीही. सपाट शीट एका दिशेला वाकते, दोन्ही दिशांना नाही. शिवाय त्या काचेला जाडी होती, कडेला चौकटीच्या उठावदार रेषा होत्या. शीट कापताना हे सगळं हरवतं, आणि ते मी आजवर चालवून घेत आलो होतो.

मग काचेवर पाण्याचा थेंब टाकला. थेंबाखालचे ओरखडे जवळपास नाहीसे झाले. माझं मत बदललं ते या थेंबाने. ओरखडा दिसतो, कारण त्या खाचेत हवा असते. काचेचं हे प्लॅस्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन; त्याचा अपवर्तनांक १.५९ आणि हवेचा जवळपास १. एवढ्या फरकामुळे खाचेवर प्रकाश विखुरतो. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, म्हणून खाचेत पाणी भरलं की विखुरणं कमी होतं. म्हणजे काच आतून शाबूत होती. आणि वरचे ओरखडे म्हणजे बसचं वय नव्हतंच. धुळीसकट कोरड्या फडक्याने पुसल्याच्या त्या खुणा होत्या.

आता कुठल्याही काचेला मी आधी थेंब लावून बघतो. मग कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाचे दोन थेंब. थिनर, पेट्रोल, नेलपेंट रिमूव्हर यांना जवळही येऊ देत नाही. त्यांनी पॉलिस्टायरीन विरघळतं. काच दाबाने तडकू नये म्हणून आतून बोटाचा किंवा मऊ रबराचा आधार देतो. पाण्यात भिजवलेला वॉटर पेपर आधी हजार नंबरचा, मग दीड हजार, दोन हजार, अडीच हजार. प्रत्येक नंबरला घासायची दिशा आडवी-उभी बदलायची, म्हणजे आधीच्या पेपरच्या रेघा गेल्या की नाही ते कळतं. पांढरा थरही पृष्ठभागावरच असतो, तो इथेच निघतो. घाई करायची ती इथे मुळीच नाही. हजारच्या रेघा राहिल्या तर पुढचं सगळं वाया जातं. त्यानंतर गाडीच्या रंगाचं बारीक रबिंग कंपाउंड सुती कापडावर घेऊन हलक्या हाताने. शेवटी फरशीचं पारदर्शक ॲक्रिलिक पॉलिश: काच त्यात बुडवायची, कडेला जमलेला थेंब कागदाच्या टोकाने टिपायचा आणि धूळ बसू नये म्हणून डब्याखाली रात्रभर झाकून ठेवायची. ॲक्रिलिकचा अपवर्तनांक १.४९ च्या आसपास, पाण्यापेक्षा पॉलिस्टायरीनच्या कितीतरी जवळचा. उरलेसुरले ओरखडे ते भरून काढतं आणि पाण्यासारखं उडूनही जात नाही.

काकांच्या डबलडेकरच्या सगळ्या काचा अशा स्वच्छ निघाल्या. सगळ्याच मॉडेलांचं तसं होत नाही. द्रावक लागून बारीक तडे आतवर गेले असतील तर थेंब टाकूनही ते दिसत राहतात. तिथे नवी काच लागते. पण तेव्हाही जुनी मी फेकत नाही. आतून व्हॅसलिनचा हात फिरवून तिच्यात प्लास्टर ऑफ पॅरिस भरतो. निघालेला साचा काचेच्या जाडीइतका लहान असतो, आणि त्यावर गरम करून ताणलेली जाडसर शीट तेवढी जाडी भरून काढते. मग नव्या काचेला दोन्ही दिशांची वळणं मिळतात, तीही जुनीवरूनच.