व्यवस्था पाहण्याचं दान

मंडळीत कृपादानांचा विषय निघाला की तरुणपणी माझी मान खाली जायची. उपवास-प्रार्थनेच्या सभांत माझ्या बरोबरीची मुलं अन्य भाषांत बोलू लागली, कुणी आजाऱ्यांवर हात ठेवून प्रार्थना करू लागलं. माझ्या तोंडून साधी मराठी प्रार्थनाही अडखळत निघे. पवित्र आत्म्यानं मला वगळलं आहे, अशी माझी समजूत होती. 1953 पासून यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरी होती. देशभरातून विद्यार्थी येत, आणि त्यांच्यातल्या चांगल्या वक्त्यांना ऐकत मी वाढलो. बोलता येणं म्हणजेच आत्म्याचं सामर्थ्य, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं. 1983 साली सेमिनरी पुण्याला गेली. माझी समजूत इथंच राहिली.

ती मोडली सिस्टरबाईंनी. मिशन दवाखान्यातून निवृत्त झालेल्या या परिचारिकेला मंडळीत कुणी 'आत्मिक' म्हणत नसे. सभा लांबली की त्या सरळ उठून घरी जात. जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या रोजच्या झाल्या होत्या त्या काळात, पांढरकवड्याकडच्या एका गावी अशाच एका घरी त्या मला घेऊन गेल्या. घर ख्रिस्ती नव्हतं. मी डोळे मिटून लांबलचक प्रार्थना केली, सांत्वनाची पाठ होती तेवढी सगळी वचनं म्हणून टाकली. ती बाई पदर धरून मुकाट ऐकत होती. माझं आमेन झाल्यावर सिस्टरबाईंनी तिला विचारलं, "सातबारा कोनाच्या नावानं हाये, माय?"

तो सासऱ्याच्या नावानं होता, म्हणजे कागद वाढले. सरकारी मदत एक लाखाची, त्यातले तीस हजार हाती आणि सत्तर हजार ठेवीत. पण त्यासाठी जमीन, बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज आणि वसुलीचा तगादा, हे सारं कागदावर दिसावं लागे. नातेवाइकाकडून किंवा बिगरपरवाना सावकाराकडून उचललेला पैसा कर्जात धरला जात नसे. सिस्टरबाईंनी पंचनाम्यापासून शवविच्छेदनाच्या अहवालापर्यंतची यादी तिच्या पोराच्या शाळेच्या वहीत लिहून दिली, तहसीलला जायचा दिवस ठरवला आणि स्वतः सोबत येते म्हणाल्या.

परतताना एस.टी.त मी कुरकुरलो. आपण आत्म्याच्या कामाला आलो होतो ना?

"मंग हे कोनाचं काम हाये, बाबू?" त्या म्हणाल्या. "करिंथकरांस पह्यलं पत्र. बारावा अध्याय पुरा वाच."

तो अध्याय मला येतो, असं मी समजत होतो. आरोग्य देणं, चमत्कार, अन्य भाषा हे शब्द मला ठाऊक होते. त्याच यादीत पौलानं मदत करणं आणि व्यवस्था पाहणं हीही दानं घातली आहेत, आणि सगळी दानं सर्वांच्या हितासाठी आहेत हे त्याआधीच सांगून ठेवलं आहे. रोमकरांस पत्रात तर दया करणंही दानांत मोजलं आहे. इतकी वर्षं या ओळी माझ्या डोळ्यांखालून गेल्या होत्या.

सिस्टरबाई अन्य भाषांची थोडी चेष्टा करत, आणि मलाही ती गोड लागू लागली. तिथं मला पंडिता रमाबाईंनी आवरलं. जून 1905 मध्ये केडगावच्या मुक्ती सदनात आत्मिक जागृती सुरू झाली. एका मुलीला आगीनं वेढलेलं पाहून दुसरी बादलीभर पाणी आणायला धावली, अशी तिथली हकीकत आहे. पुढे मुली अन्य भाषांत बोलू लागल्या आणि टीका झाली, तेव्हा रमाबाई मुलींच्या पाठीशी उभ्या राहिल्या; पण अन्य भाषा हीच आत्म्याची एकमेव खूण, हे त्यांनी मानलं नाही. तिकडे शेती, छापखाना, अंधांचं शिक्षण चालूच होतं. स्वतः त्या हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल करत होत्या. ते काम 1922 साली मृत्यूच्या थोडं आधी पुरं झालं. दुष्काळातून आणलेल्या मुलींना जेवू घालणं आणि मुद्रितं तपासणं यांत त्यांनी आत्म्याचं कमी-जास्त मोजलं नसावं, असं मला वाटतं. म्हणून आता मी सभेत मागे बसतो. कुणी अन्य भाषेत बोलू लागलं तर हेवाही वाटत नाही, हसूही येत नाही.

सिस्टरबाई गेल्यावर त्यांच्या फाइली माझ्याकडे आल्या. अपात्र ठरलेल्या प्रकरणांचा गठ्ठा त्यांनी वेगळा बांधला होता. तिथं सरकारचं काम संपलेलं, आणि त्या मात्र नेमानं त्याच घरांकडे जात. अर्ज भरायला मी त्यांच्याकडून शिकलो. काही न बोलता तासभर ओट्यावर बसायलाही त्यांनीच शिकवलं, पण ते मला अजून नीट येत नाही. काही ना काही बोलूनच जातो. त्या गठ्ठ्यातल्या एका घरच्या मुलीला यंदा नर्सिंगला प्रवेश घ्यायचा आहे. अर्ज भरून झाला आहे, उत्पन्नाचा दाखला तेवढा यायचा आहे.