नदीच्या मधोमध सरहद्द

घोड नदीच्या पात्रातली चिमूटभर वाळू भिंगाखाली धरली, की आधी काळे कण दिसतात. तो बेसाल्ट. त्यात मधूनच पांढरा झिओलाइट, एखादा तांबूस जास्पर, दुधी गारगोटीची कपची. सह्याद्रीचा काळा कातळ झिजला की त्याची बहुतांशी माती होते, वाळू थोडीच उरते. त्यामुळे आपल्या नद्यांमधला हा साठा मुळातच तुटपुंजा. त्यात प्रवरेवर भंडारदरा, मुळेवर बारागाव नांदूरचे धरण, घोडवर चिंचणीचे. वरून येणारी भर तिथेच अडते. आज उपसली जाणारी वाळू फार जुनी आहे. ती परत भरून येईल या हिशेबाने लिलाव करणे मला कधीच पटलेले नाही.

भूजल हा माझा विषय. पण काठच्या विहिरींची पातळी मोजायला गेले, की वाळूतस्करीला वळसा घालून पुढे जाता येत नाही.

तिची गुंडगिरी पाहिली, की खाणींची गावे आणि तिथले बंदूकधारी दाखवणारे अमेरिकेतले चित्रपट आठवतात. डकोटातले डेडवूड हे त्यातले प्रसिद्ध गाव. सोन्यापायी १८७६ साली ते उभे राहिले तेच तिथल्या मूळ रहिवासी लाकोटांना कराराने दिलेल्या जमिनीवर, म्हणजे बेकायदा. त्याच वर्षी तिथे नामांकित बंदूकबाज वाइल्ड बिल हिकॉकचा खून झाला आणि खाणवाल्यांच्या पंचांनी मारेकऱ्याला सोडून दिले. पुढे यँक्टनच्या न्यायालयात त्याच्यावर पुन्हा खटला चालला. डेडवूडला कायदेशीर न्यायालयच नव्हते, तेव्हा तिथला निवाडा गैरलागू ठरला, आणि १८७७ मध्ये त्याला फाशी झाली. सोन्यामुळे गुंडगिरी येते हे खरे. पण हद्द कोणाची, हे ठरलेले नसले की ती तिथेच मुक्काम ठोकते.

आपल्याकडे ती हद्द नदीच्या मधोमध आहे. घोड आणि भीमेपलीकडे पुणे जिल्हा, अलीकडे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातले श्रीगोंदा आणि कर्जत. नेवासे, शेवगावसमोर गोदावरीपलीकडे छत्रपती संभाजीनगर. १९४८ पर्यंत त्या काठावर निजामाचा अंमल होता. अलीकडून महसूलचे पथक निघाले की वाळू उपसणारी बोट पलीकडे, पलीकडून निघाले की अलीकडे. तहसील कचेरीबाहेर 'लोकेशन' देणारी पोरे बसलेली असतात. गाडी फाटकाबाहेर पडायचा अवकाश, पात्रातले पंप बंद होतात.

बोट म्हणजे फायबरचा सांगाडा, त्यावर इंजिन आणि पाण्याखालची वाळू ओढणारा पंप. ती पकडली तरी ओढून न्यायची कशी, म्हणून पथके बहुधा जिलेटिन लावून जागेवरच फोडतात. वरचे मजूर पोहून निघून जातात. ते पोट भरायला परराज्यांतून आलेले. मालक बोटीवर कधीच नसतो. मला सर्वांत जास्त खुपते ते हेच: जीव धोक्यात घालणारे दोघे, पाण्यातला मजूर आणि रात्री डंपर अडवायला रस्त्यावर एकटा उभा राहणारा तलाठी. पैसा मात्र तिसऱ्याच्या घरी जातो.

कायदे कमी नाहीत. महसूल संहितेच्या कलम ४८ खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. नदीतली वाळू विनापरवाना नेणे ही चोरीही ठरते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले. २०१५ पासून वाळूतस्कराला एमपीडीए या प्रतिबंधक कायद्याखाली स्थानबद्ध करता येते. सरकारने १ मे २०२३ रोजी राज्यातला पहिला वाळू डेपो आपल्याच जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यातल्या नायगावला उघडला. तेव्हा दर होता ६०० रुपये ब्रास. दोन वर्षांत धोरण पुन्हा लिलावाकडे वळले. या सगळ्यात वाळू मोजली जाते ती ब्रासात. खड्डा कोणी मोजत नाही.

तो मोजला तर काय दिसते? एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. पाण्याने भरलेल्या वाळूतून तिच्या आकारमानाच्या साधारण पाचवा हिस्सा पाणी सुटते. म्हणजे ब्रासमागे साडेपाचशे लिटरांहून अधिक. एकेका डंपरबरोबर दीड-दोन हजार लिटरांची टाकी जाते, दर पावसाळ्यात फुकट भरणारी. ज्या पात्रात हाताने झिरा उकरला की पाणी लागे, उन्हाळ्यात कलिंगडाच्या वाड्या होत, तिथे आता उघडा कातळ आहे. काठावरचा शेतकरी विहिरीत आडवे बोअर मारतो, पाइप वाढवतो, कर्ज काढतो. त्याची तक्रार कोणत्याच पंचनाम्यात येत नाही.

बांधकामाला वाळू लागणारच. बेसाल्टची खडी आपल्याकडे मुबलक आहे, तिच्यापासून केलेली वाळू वापरता येते, आणि तिकडे वळायलाच हवे. पण तोवर घोड, भीमा आणि गोदावरीसाठी दोन्ही काठच्या जिल्ह्यांचे एकच पथक हवे. त्याला दोन्ही काठांवर कारवाईचा अधिकार हवा. पावसाळ्याआधी आणि नंतर पात्राची मोजणी त्याच पथकाने करावी, आणि आकडे दोन्हीकडच्या ग्रामसभांत वाचून दाखवावेत.