वाहतं पाणी, पाणी वाहतं

आपल्या बोलीत पाटाचं पाणी वाहतं, आणि त्यात हात बुडवला तर तेच वाहतं पाणी. चुलीवर पाणी उकळतं, आणि पोराला आपण ओरडतो, तिकडं उकळतं पाणी हाय, लांब हो. शब्द तोच, नुसती जागा बदलली. इंग्रजीत असं भागत नाही. पाणी वाहतं म्हणायचं तर 'वॉटर फ्लोज', अन् वाहतं पाणी म्हणायचं तर 'फ्लोइंग वॉटर'. क्रियापदाला 'आयएनजी'चं शेपूट लागलं की त्याचा एकट्याचा जोर सरतो. मग 'इज'चा नाहीतर 'आर'चा टेकू दिल्याशिवाय वाक्य उभं राहत नाही.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं. मास्तरांनी फळ्यावर लिहिलेलं एक वाक्य अजून ध्यानात आहे, 'द मॅन प्लाऊइंग द फील्ड इज माय अंकल.' शेत नांगरणारा माणूस माझा काका आहे. निम्मा वर्ग तिथं 'प्लाऊज' लिहायचा. मास्तर म्हणायचे, "अरे, एका गाडीला धुरकरी किती? 'इज' हा धुरकरी. 'प्लाऊइंग' नुसता मागं बसलाय. दोघांच्या हाती कासरा दिलात तर गाडी ओढ्यात जाईल." शेतकऱ्याच्या पोरांना व्याकरण समजवावं तर असं.

2000 सालापासून पहिलीलाच इंग्रजी आलं. यंदा दिवाळीला नात पुण्याहून आली ती वही घेऊनच. घरच्या माणसांवर दहा वाक्यं लिहायची होती.

"आबा, 'माय ग्रँडफादर फार्म्स' लिहू का 'इज फार्मिंग'?"

दोन्ही बरोबर, पण अर्थात फरक. 'फार्म्स' म्हणजे शेती करतो, तो त्याचा धंदाच. 'इज फार्मिंग' म्हणजे करतोय, सध्या.

तिचा बाप ओसरीवर बसला होता. आल्यापासून त्याचं एकच चाललं होतं, तात्या, आता वय झालं, रान खंडानं द्या. तो तिथूनच म्हणाला, "इज फार्मिंग लिही. यंदापुरतंच आहे."

मी म्हटलं, "फार्म्स लिही."

पोरीनं एकदा बापाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग 'फार्म्स' लिहिलं, शेवटचा 'एस' चांगला ठळक. पुढच्या ओळीवर पेन्सिल थांबली.

"बाबा, आणि तुम्ही? वर्क्स का इज वर्किंग?"

त्याचं कंपनीतलं काम कराराचं. अकरा महिने झाले की नवा कागद. तो जरा वेळ अंगणातल्या बैलांकडं बघत राहिला.

"इज वर्किंग," म्हणाला.