परवाना

आमच्या घरचा टेलिव्हिजन तिचा आणि त्याचा परवाना माझ्या नावाचा. संसारात कामांची वाटणी अशीच होऊन बसते. तक्रार म्हणून हे सांगत नाही. पावत्या जपून ठेवण्याचा मला वडिलोपार्जित नादच आहे.

वडील दादरला चाळीत राहत. त्या काळी आपल्याकडे रेडिओलासुद्धा परवाना लागे आणि तो पोस्टात काढावा लागे. ही पद्धत १९८०च्या दशकात बंद झाली. मुदत संपण्याच्या आत वडील छत्री काखेत मारून पोस्टाच्या रांगेत उभे राहायचे. कसोटी सामना असला की धावते वर्णन ऐकायला निम्मा मजला आमच्या खोलीत गोळा होई. त्यांतला एक शेजारी एकदा म्हणाला, "तात्या, दरवर्षी कशाला पैसे भरता? कोण येतंय बघायला?" वडील म्हणाले, "मी आहे ना!"

१९७४ साली आम्ही दोघांनी लंडनजवळ हॅरोला बिऱ्हाड थाटले. इकडे रेडिओचा परवाना १९७१ मध्येच रद्द झाला होता, टेलिव्हिजनला मात्र तो हवा होता. काळ्यापांढऱ्या चित्राला वर्षाला ७ पौंड आणि रंगीताला १२. आम्ही कोणता घेतला हे सांगायला नकोच. पण जून उजाडला, विंबल्डन सुरू झाले आणि आमच्या घरात एक नवेच माणूस वावरू लागले. जन्मात जिने रॅकेट हातात धरली नव्हती ती माझी बायको मांडीवर मटाराच्या शेंगांचे ताट घेऊन पडद्यासमोर बसे आणि खेळाडूंना मराठीतून बजावी, "अरे, जाळीपाशी ये ना मेल्या!" तीन वर्षे हे ऐकले. १९७७ च्या वसंतात ती म्हणाली, "अहो, त्या हिरवळीला जगभर हिरवळ म्हणतात. आपल्याच घरात ती राखाडी का?" ह्याला काय उत्तर देणार? ८ पौंडांचा परवाना जाऊन १८ पौंडांचा आला. त्या वर्षी व्हर्जिनिया वेड जिंकली तेव्हा आमच्या दिवाणखान्यात हिरवळ हिरवीगार होती.

पुढे दर वाढतच गेले. पंच्याहत्तरी गाठली की परवाना फुकट मिळतो, ह्या एका आशेवर मी म्हातारपणाची वाट पाहत होतो. २०२० च्या ऑगस्टपासून ती सवलत पेन्शन क्रेडिट मिळणाऱ्यांपुरतीच उरली आणि मी पंच्याहत्तर वर्षांचा झालो २०२१ साली. ह्यावर ती पोट धरधरून हसली होती.

२०२४ च्या जानेवारीत ती गेली.

त्या वर्षी विंबल्डन मी लावले नाही. टेलिव्हिजनवर तिने विणलेला क्रोशाचा रुमाल होता, तो मी पडद्यावरून खाली ओढून घेतला, एवढेच. माझे सारे रेडिओवर भागते. तरी डिसेंबरात १६९ पौंड ५० पेन्स भरून मोकळा झालो. मुलीला पावती सापडली. "बाबा, तुम्ही तो लावता तरी का?" तिने विचारले. मी म्हटले, "मुदत संपत आली होती." ती माझ्याकडे बघत राहिली, बोलली नाही.

२०२५ च्या जुलैत मात्र मी रुमाल बाजूला केला आणि अंतिम सामना पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. सिनरने अल्काराझला हरवले. मटार सोलायला घेतले होते, पण मला ते काम तिच्यासारखे पडद्यावरची नजर न काढता जमत नाही. दुसऱ्या दिवशी फोन केला.

परवाना रद्द करणे ही काही अवघड गोष्ट नव्हे. पलीकडच्या मुलीने विचारले, कोणत्याही वाहिनीवरचा चालू कार्यक्रम यापुढे पाहणार का? टेलिव्हिजनवर, संगणकावर, फोनवर? बीबीसीच्या आयप्लेअरवर काही? नाही, नाही, नाही. यंत्र घरात राहिले तरी चालते म्हणे. पाहायचे नाही, एवढेच. मग तिने कारण विचारले. मी म्हणालो, "पाहणारं माणूस राहिलं नाही." ती क्षणभर थांबली आणि हळूच म्हणाली, "आय ॲम सॉरी." उरलेल्या पुऱ्या महिन्यांचे पैसे परत मिळायचे होते. फोन ठेवला आणि मी बराच वेळ जिन्याच्या पायरीवर बसून राहिलो. मृत्यूचा दाखला घेताना माझा हात कापला नव्हता.

आता खरी परीक्षा पुढेच होती. ४ ऑगस्ट, सोमवार. ओव्हलच्या कसोटीचा शेवटचा दिवस. इंग्लंडला ३५ धावा हव्यात, हाती चार गडी. शाळेला सुटी म्हणून नातू माझ्याकडे आलेला आणि त्याच्या फोनवर सामना चालू. आधी नियम पाहिला. त्याच्या घरी परवाना आहे, तेव्हा त्याचा फोन स्वतःच्या बॅटरीवर चालतो तोवर माझ्या घरीही चालेल. पण माझ्या भिंतीतल्या विजेवर लावला की त्याला माझा परवाना हवा! कायदे करणाऱ्यांनाही कधी कधी गोष्ट रंगवता येते.

नववा गडी बाद झाला. १७ धावा उरल्या. एक हात स्वेटरच्या आत बांधलेला वोक्स पायऱ्या उतरू लागला आणि नेमका तेव्हाच फोन मिटला. पोराने चार्जर काढला.

"इथं नाही लावायचा," मी म्हणालो.

"आजोबा! कोण येणार आहे बघायला?"

माझ्या तोंडून वडिलांचेच उत्तर निघाले. पोराचे डोळे भरून आले. मी स्वयंपाकघरातून रेडिओ आणला आणि ठेवायला दुसरी जागा सुचेना म्हणून टेलिव्हिजनवरल्या रुमालापुढेच ठेवला. दोघे त्या झाकलेल्या पडद्याकडे टक लावून बसलो. ॲटकिन्सनने षटकार मारला. माझा श्वास अडकला. मग सिराज धावत आला, यष्टी उडाल्याचा आवाज आला आणि सहा धावांनी आपण जिंकलो. नातू माझ्या गळ्यात पडला. मी तेवढ्यात मोठ्याने काहीतरी ओरडलो, आणि ते "मेल्या" होते असे तो नंतर आईला सांगत होता.

जरा वेळाने त्याने चार्जर पुन्हा हातात घेतला.

"आता?"

"आता खुशाल लाव," मी म्हणालो.