हा ग्राफ कोणाचा?

फळ्यावर दोन अक्ष काढले. आडव्यावर वेळ, उभ्यावर अंतर. पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली आणि अगदी नम्रपणे म्हणाली, "मिस, ग्राफ मॅथ्समध्ये पुढच्या वर्षी आहे."

सोलापुरात बी.एड.चे सराव पाठ घेतले होते, पण स्वतःचा असा पहिला वर्ग मिळाला तो चेन्नईत, वेळचेरीजवळच्या एका सीबीएसई शाळेत. सातवी, विज्ञान. स्टाफरूममध्ये एनसीईआरटीची पुस्तकं (तेव्हा जुनीच चालू होती) शेजारी-शेजारी ठेवून पाहिली. मुलीचं म्हणणं खरं होतं. अंतर आणि वेळेचा आलेख विज्ञानात सातवीला, आणि आलेखांची ओळख गणितात आठवीला. म्हणजे गणितानं शिकवण्याआधी विज्ञानानं तो वापरून मोकळं व्हायचं. हे कोणाच्याच डोळ्यांत खुपलं नव्हतं?

मग मला असल्या गोष्टी दिसतच गेल्या. आधीच्या तासाला गुणोत्तराची उदाहरणं भराभर सोडवणारी हीच मुलं माझ्या तासाला वेग काढताना अडखळत. मी 'गुणोत्तर' म्हटलं की दोघं-तिघं विज्ञानाची वही मिटून दप्तरातली दुसरी काढत. आकडा एका वहीत किलोमीटरचा असे, दुसरीत नुसता आकडा. घंटा वाजली की डोक्यातला कप्पाही बदलायचा, हे त्यांना पहिलीपासून आम्हीच शिकवलेलं असणार.

गणिताच्या बाईंना हे सांगितलं. तमिळ, निवृत्तीला आलेल्या, बोलायला सडेतोड. "माझ्या तासाला विज्ञान आणलं तर पोर्शन कोण संपवणार, मा?" मग चहाचा घोट घेऊन म्हणाल्या, "परंगी मलै रोज बघतेस ना?"

बघत होतेच. परंगी मलै, म्हणजेच सेंट थॉमस माउंट, ही गिंडीच्या पलीकडची चर्चवाली टेकडी, एवढंच मला माहीत होतं. 10 एप्रिल 1802 रोजी विल्यम लॅम्बटननं भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाची पायारेषा मोजायला सुरुवात केली ती इथून, हे बाईंनी सांगितलं. टेकडीपासून दक्षिणेला पेरुम्बाक्कमच्या बाजूला सुमारे 12 किलोमीटर. मोजायला 100 फुटी पोलादी साखळी. दिवस लागले 57.

हे मी वर्गात सांगितलं. बारा किलोमीटरला सत्तावन्न दिवस! वर्ग हसला. मग मी विचारलं, एप्रिलच्या उन्हात साखळीचं काय होईल? प्रसरण सगळ्यांना पाठ होतं. किती, हे मात्र कोणी कधी विचारलं नव्हतं. पोलादाचा एक मीटर एका अंशाला मिलिमीटरचा साधारण शंभरावा भाग वाढतो. साखळी साडेतीस मीटरची, म्हणजे वाढ मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. "बस, एवढंच?" पण साखळी टाकायची चारशे वेळा. म्हणजे एका अंशाला तेराएक सेंटिमीटर, आणि दहा अंश चढले तर सव्वा मीटरच्या वर. म्हणून तर लॅम्बटन साखळी लाकडी पेट्यांत ठेवून सोबत थर्मामीटर लावत असे.

इथपर्यंत ठीक होतं. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, साखळी लांबली तर अंतर जास्त येईल की कमी? वर्गाचे दोन तट पडले. अर्धे म्हणाले, साखळी मोठी म्हणून उत्तर मोठं. उरलेले म्हणाले, मोठी साखळी कमी वेळा टाकावी लागेल, म्हणून उत्तर लहान. तास भांडणातच गेला. शेवटी एकानं बाक मोजायला आधी छोटं, मग मोठं पेन्सिल-बॉक्स लावलं आणि दुसरा तट जिंकला. हे व्यस्त प्रमाण. पुस्तकाप्रमाणे तेही आठवीचंच.

पायारेषा म्हणजे पहिल्या त्रिकोणाची एक बाजू. ती हाती आली की पुढे नुसते कोन मोजून त्रिकोणामागून त्रिकोण जोडत जायचं. ज्या कोनमापक यंत्रावर हा कारभार चालला होता, ते अर्ध्या टनाचं धूड. 1808 मध्ये ते तंजावरच्या बृहदीश्वराच्या देवळावर चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आपटलं. तेव्हा तंजावरला सरफोजीराजे होते, हे मी जरा जास्तच उत्साहानं सांगितलं. मुलांना त्यापेक्षा यंत्राचं काय झालं यात रस होता. (दुरुस्त केलं आणि वापरलं.)

पुढं चेन्नईतच नुंगमबाक्कमच्या वेधशाळेतल्या गोल्डिंगहॅमनं याच परंगी मलै टेकडीवरच्या आणि शहरातल्या किल्ल्यावरच्या तोफांचा उजेड दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचा वेळ मोजून ध्वनीचा वेग काढला. 1823 मध्ये तो निबंध छापून आला. अंतर भूमितीनं दिलं, सेकंद घड्याळानं, आणि हवा तापली की वेग वाढतो हेही त्याला आकड्यांत दिसलं. हे सगळं मुलांच्या बसच्या रस्त्यावर घडलेलं.

आता गणिताच्या बाई आणि मी मिळून गुरुवारचे दोन लागोपाठचे तास मागून घेतले आहेत. आलेख त्या सातवीतच शिकवतात, "पोर्शन बघू मग" म्हणत. घोडं अडलंय ते परीक्षेपाशी. सहामाहीत आम्ही साखळीचा प्रश्न घातला, पाच मार्कांचा. परीक्षा विभागानं तो परत पाठवला. हरकत प्रश्नाला नव्हती. हे पाच मार्क कोणत्या विषयाच्या रकान्यात भरायचे, एवढंच त्यांना लेखी हवं होतं. बाई म्हणतात विज्ञान, मी म्हणते गणित.